बारावं नाव

आमच्या घरात सगळ्यांत आधी रेडिओ बोलायचा, मग बाबा. ते पाचला उठत, रेडिओचं बटन फिरवत आणि गाणं लागेपर्यंत स्वतः एक शब्द काढत नसत. मग चूळ भरून आईला हाक मारत, "अवं, चहा ठेवला का?" आई तोवर चहा गाळून मोकळी झालेली असायची, तरी ही हाक रोज व्हायचीच. भंडाऱ्यात खांब तलावाच्या अलीकडे आमचं दोन खोल्यांचं घर आणि घराच्याच पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, बाबांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक बाक, मधे पडदा. त्यामुळे दुकानातलं बोलणं घरात ऐकू यायचं आणि आईच्या फोडणीचा ठसका दुकानात जायचा. तोंडाला साबण लावून बसलेला माणूस तसाच ओरडायचा, "वहिनी, आज झिंगे टाकले का जी वांग्यात?" आई पडद्यामागून हसायची. ती मोहाडीकडची. वर्षाचा तांदूळ तिच्या माहेरून यायचा, लाखोरीची डाळ यायची, आणि वाळवलेले झिंगे ती स्वतः निवडून आणायची. बाबांचं नाव देवराव, पण सगळं गाव त्यांना देवाभाऊ म्हणायचं. मी त्यांची एकुलती एक, वैशाली, घरात वैशू.

मी आता मोहाडीलाच ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या एका दुकानात काम करते. दिवसभर लोकांची नावं टाइप करते. पंचविशी अजून गाठायची आहे, तेव्हा आठवणी लिहायचं हे वय नव्हे, हे मलाही कळतं. पण कोरोनाचे ते दोन उन्हाळे माझ्या आयुष्यात असे बसलेत की त्यांच्या अलीकडची मी आणि पलीकडची मी अशा दोन वेगळ्या मुली वाटतात. पलीकडच्या मुलीची गोष्ट ती पुरती विसरण्याआधी लिहून ठेवावी, एवढंच मनात आहे.

पहिल्या उन्हाळ्यात सगळं बंद झालं तेव्हा आम्हाला प्रथम जाणवली ती शांतता. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली होती. त्यांचा ठोका थांबला. हायवेवरच्या ट्रकांची घरघर थांबली. दुकानाचं शटर खाली आलं आणि कैचीचा चट्-चट् आवाजही गेला. नगरपालिकेची एक गाडी तेवढी भोंगा लावून फिरायची, घरात राहा, हात धुवा, आणि ती लांब गेली की पुन्हा सामसूम. बाबा दिवसातून चार वेळा शटर अर्धं उचलून आत जात, खुर्च्या पुसत, आरसे पुसत, बाहेर येत. कधीकधी मला म्हणत, "वैशू, बस बरं इथी," आणि मी खुर्चीत बसले की माझ्या केसांतून नुसतीच फणी फिरवत राहत. त्यांच्या हातांना दुसऱ्याच्या डोक्याशिवाय करमत नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसानं रोज पंधरा-वीस लोकांच्या गालाला हात लावला, त्याला एकदम सांगितलं होतं की आता कोणाला शिवू नकोस. आईचं निराळं. ती म्हणायची, "तुहे बाबा पहिल्यांदाच बारा वाजता जेवून राहिले," आणि गरम भातावर वरण, वर कच्च्या कैरीची चटणी असं वाढून तिघांची ताटं एकत्र मांडायची. पोटभर भात खाऊन दुपारी तिघंही जमिनीवर पडायचो. पंखा फिरायचा. त्या दुपारी आठवल्या की मला अजून बरं वाटतं. हे कोणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, लोकांचे हाल चालले होते, गावाजवळच्या शहापूरच्या बाजूनं हायवेवर माणसं पोरं खांद्यावर घेऊन छत्तीसगडकडे चालत होती, आई त्यांच्यासाठी भाकरी बांधून पाठवायची. पण आमच्या दोन खोल्यांत ते दिवस मऊ होते.

मग मेश्राम गुरुजींचा फोन आला. गुरुजी आमच्या पुढच्या गल्लीत राहत. निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेली, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. त्यांचा उजवा हात थरथरायचा, त्यामुळे स्वतःची दाढी त्यांना करता यायची नाही. दर तिसऱ्या दिवशी ते दुकानात येत, बाबा "जय भीम गुरुजी" म्हणून खुर्चीवरची धूळ झटकत, आणि अर्धा तास पेपरातल्या बातम्यांवर दोघांचं चाले. फोनवर गुरुजी म्हणाले, "देवराव, महिना झाला. आरशात मी मलाच ओळखत नाही. आणि खाज इतकी सुटते की झोप नाही." बाबांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मागच्या दारानं बाहेर पडले, गुरुजींच्या आवारात, लिंबाखाली, स्टुलावर बसवून त्यांची दाढी करून आले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान होतं की आईनं रागावायचं सोडून दिलं.

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. हे काम नियमात बसत नव्हतं, म्हणून सगळं गुपचूप. माझ्याकडे मोबाइल होता, शाळा त्याच्यावरच भरायची, म्हणून लोक मला फोन करायचे आणि वेळ मीच ठरवून द्यायची. हत्यारं मी चुलीवर उकळायची, प्रत्येकासाठी नवं ब्लेड, प्रत्येकाचा टॉवेल त्याच्या त्याच्या घरचा. बाबा तोंडाला दोन मास्क बांधायचे. कोणी तांदूळ द्यायचं, कोणी परसातली वांगी. प्रत्येक जण एक वाक्य मात्र म्हणायचाच, "कोनाले सांगजो नोको." बाबा म्हणायचे, "मी काहून सांगू जी?" त्या उन्हाळ्यात काही झालं नाही. दुकान पुन्हा उघडलं, पावसाळा गेला, धान कापून झालं, लोक मास्क हनुवटीवर घेऊन फिरायला लागले, आणि आम्हाला वाटलं, संपलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात शटर पुन्हा खाली आलं, पण या वेळची शांतता तशी नव्हती. तिच्यात अॅम्ब्युलन्सचा आवाज होता. सकाळी एक, दुपारी दोन, मग मोजायचं सोडून दिलं. आई तो आवाज आला की हातातलं काम थांबवायची आणि गाडी कुठल्या बाजूला वळते ते ऐकायची. बाबा तरी पहाटेच्या फेऱ्या करतच होते. मी म्हटलं, "बाबा, आता नोका जाऊ." ते म्हणाले, "गुरुजीची दाढी कोन करन मंग?" बाबांच्या फेरीत तेव्हा अकरा घरं होती. मला वाटायचं, अकराच.

एका सकाळी रेडिओ बोलला नाही. बाबा उठलेच नव्हते. अंग तापलं होतं, आणि आईनं चहा दिला तर म्हणाले, "याच्यात साखर टाकली का नाई? काईच चव लागून नाई राहिली." आई माझ्याकडे बघत राहिली. दुपारी जवळच्या शाळेतल्या केंद्रावर जाऊन आम्ही तिघांनी नाकात काडी घालून घेतली. ते पॉझिटिव्ह, आई आणि मी निगेटिव्ह. संध्याकाळपर्यंत श्वास लागायला लागला, बोटाला लावायचं यंत्र कमी आकडा दाखवू लागलं, आणि गावाबाहेरच्या कोविड सेंटरमध्ये त्यांना न्यायचं ठरलं. गाडी येण्याआधी आमच्या भागातल्या आरोग्यसेविका, कविताताई, दारात उभ्या राहून वहीत लिहीत होत्या.

"देवाभाऊ, मागच्या आठ दिवसांत कोणाकोणाच्या जवळ गेले तुम्ही?"

"कोनाच्याच नाई जी. दुकान बंद आहे ना. मी कुठी जाईन?"

"नक्की ना?"

"नक्की."

मी बाबांच्या पिशवीत टॉवेल ठेवत होते. माझा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर विनवणी होती की हुकूम, ते मला आजही सांगता येणार नाही. मग गाडी आली आणि ते चढले. आईनं डब्यात मऊ भात दिला होता. गाडीचं दार लागताना ते म्हणाले, "रेडिओ लावत जा सकाळी. घर सुनं वाटते." कविताताईंनी आमच्या दाराला कागद चिकटवला आणि आम्ही दोघी आत राहिलो.

दुसरी सकाळ उजाडली आणि मी काही न ठरवता गुरुजींना फोन लावला. खरं तर बाबांच्या आजाराचं सांगायलाच केला होता. पण त्यांनी "वैशाली, कशी आहेस?" म्हटलं आणि त्यापुढचं वाक्य खोकल्यात बुडालं. बराच वेळ ते खोकत होते. मग म्हणाले, "काही नाही, उन्हाळी खोकला. बाबांना सांग, परवा यायची गरज नाही, जरा अंग मोडून आलंय." मी विचारलं, "गुरुजी, ताप?" ते म्हणाले, "असेल थोडा. थर्मामीटर कुठं ठेवलंय सापडत नाही." ते एकटे होते. त्यांच्या घरात थर्मामीटर शोधून देणारंही कोणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

दहाच्या सुमाराला कविताताई आमची चौकशी करायला आल्या. उन्हात चालून चेहरा लाल झाला होता, पायात साधी चप्पल. फाटकाबाहेरूनच त्यांनी विचारलं, "ताप-खोकला नाही ना कोणाला?" मी म्हटलं, "नाही." त्या वळल्या. आणि मी म्हणाले, "ताई, थांबा. लिहून घ्या."

एकेक नाव मी सांगत गेले. गुरुजींचं पहिलं. मग किराणा दुकानवाले, मग दोघे भाऊ, मग नाकाडे काका आणि त्यांची म्हातारी आई, कारण काका दाढी करून घेताना ती शेजारीच बाजेवर बसलेली असायची. कविताताई लिहीत होत्या. मधे एकदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण ओरडल्या नाहीत. अकरावं नाव लिहून झालं तेव्हा म्हणाल्या, "काल सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता." मग थोड्या थांबल्या. "पण उद्या सांगितलं असतं तर आणखी एक गेला असता. जाते मी. आधी गुरुजींकडे."

आई माझ्यामागे दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती आता बोलेल, पण ती आत गेली, तांदूळ धुतले, कुकर लावला. जेवायला बसलो तेव्हा माझ्या भातावर वरण घालता घालता म्हणाली, "सांगतलं ते बरं केलं. पन तुह्या बाबाले मी नाई सांगत. तूच सांगजो."

मी संध्याकाळी सांगितलं. फोनवर सेंटरमधले आवाज येत होते, कोणीतरी खोकत होतं, कोणीतरी नर्सला हाक मारत होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुले कोनं म्हटलं होतं तोंड उघडायले?"

"बाबा, गुरुजी खोकत होते."

"त्यायनं भरवशानं दार उघडलं होतं मले. सगळ्यायनं. आता दारोदार कागद लागन, अन म्हनतील, देवानं लावला. तीस वरसं मी याच्या घरचं त्याच्या घरी नाई बोललो. तीस वरसं! अन तुनं अकरा घरं एका दमात सांगून टाकली?" त्यांना धाप लागली. धापेतच ते म्हणाले, "तुह्यावर भरवसा ठेवला हेच चुकलं माह्यं." आणि फोन ठेवला.

त्यापुढचे दोन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. आईचा उचलायचे, हो-नाही करायचे. मी सकाळी रेडिओ लावायची आणि गाणं लागलं की बंद करायची. बाहेर काय चाललंय ते कविताताईंकडून कळे. गुरुजी पॉझिटिव्ह निघाले होते, ऑक्सिजन कमी होता, मी नावं सांगितली त्याच दुपारी त्यांना बेड मिळाला. दुसऱ्या दिवशी बेड मिळेनासे झाले होते. किराणावाले पॉझिटिव्ह, पण घरीच बरे होते. नाकाडे काका निगेटिव्ह, त्यांची आई पॉझिटिव्ह. त्याच आठवड्यात त्यांच्या घरचे सगळे एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जाऊन आले होते, तिथले पाच-सहा जण आजारी होते, तेव्हा तिला कोणाकडून झाला ते देवालाच माहीत. पण काकांनी रस्त्यावरून आमच्या घराकडे बघून मोठ्यानं जे म्हटलं ते आईनं आणि मी, दोघींनी ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. बाबांचा. मी उचलायला घाबरले, आईनं डोळ्यांनी खुणावलं, उचल.

"वैशू."

"हो बाबा."

"तुनं एक नाव सोडलं."

मला काही कळलं नाही. "अकराच होते ना बाबा? मीच तर वेळ द्यायची."

"बारा होते." त्यांचा आवाज बारीक झाला होता, शब्दागणिक थांबत होते. "एक बाई हाय. पितळवाल्यांच्या गल्लीत. तिले कॅन्सर हाय, नागपूरले जाते सुई घ्यायले. केसं गळून राहिले होते, तं तिनं बोलावून डोकं साफ करून घेतलं माह्याकडून. आठ दिवसांपूर्वी. तिच्या पोरीचं लगीन जमून राहिलं, म्हनून कोनाले माहीत नाई. पोराकडच्यायले तं नाईच नाई. मले तिनं शपथ घातली होती." ते थांबले. मी त्यांचा श्वास ऐकत होते. "काल इथी माह्या बाजूचा मानूस गेला. त्यालेई कॅन्सर होता. डाक्टर म्हने, अशायले लवकर धरते. रातभर मले ती बाई दिसली. तू लिही नंबर. कवितालेबी नोको सांगू आधी. आधी तिले विचार."

नंबर त्यांना पाठ होता. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला. त्या बाईंचं नाव मी इथे घालत नाही, मी त्यांना मावशी म्हणायचे, तेच लिहिते.

फोन मावशींनी स्वतः उचलला. मी म्हटलं, "मी देवाभाऊची मुलगी." पलीकडे काही क्षण नुसता भांड्यांचा आवाज. मग दार लावल्याचा आवाज. मग अगदी हळू, "त्यायनं सांगतलं का तुले?"

"आजच सांगितलं, मावशी. ते सेंटरमध्ये आहेत. पॉझिटिव्ह."

मी भराभरा सांगत गेले, की बाबांनी दोन मास्क लावले होते, ब्लेड नवं होतं, तरी तपासून घ्यायला हवं, कविताताई चांगल्या आहेत, त्या घरी न येता केंद्रावर मागच्या दारानं घेतील. सतरा वर्षांची मुलगी काय काय बोलते, मी ते सगळं बोलले. शेवटी म्हणाले, "मावशी, तुमचं नाव कोणाला कळणार नाही. पण जा."

"परवा माही नागपूरची तारीख हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "मी तशीच गेली असती तं?" मग म्हणाल्या, "सांग कविताले. मी येते."

त्या निगेटिव्ह निघाल्या. तरी डॉक्टरांनी त्यांची तारीख आठवडाभर पुढे ढकलली. मी बाबांना फोन केला, या वेळी त्यांनी पहिल्या घंटीला उचलला. "निगेटिव्ह," एवढंच म्हटलं. पलीकडून हुंदका आला. मी बाबांना रडताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवले का? का देतात तिथी खायले?" आणि बाबा रडत रडत सांगायला लागले की भात कच्चा असतो.

नाकाडे काकांची आई त्याच आठवड्यात गेली. गुरुजी अठरा दिवसांनी परत आले, पांढरी दाढी गालभर वाढलेली. बाबा त्यांच्याआधी आले. चौदा दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते आणि सदरा खांद्यावर लटकत होता. आईनं दारातच कडकडीत पाण्यानं आंघोळ घातली, मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. चार घास खाऊन ते भिंतीला टेकले. आमच्या दोघांत त्या विषयावर एक शब्दही झाला नाही. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं. मी पाय चेपले, त्यांनी चेपू दिले.

विलगीकरणाचे दिवस संपले त्या सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चाल." कुठे ते मी विचारलं नाही. ते एकेका घरासमोर रस्त्यावरच उभे राहिले, हाक मारली, आणि माणूस बाहेर आला की हात जोडून म्हणाले, "माह्यामुळं तुमाले तरास झाला. माफी द्या जी." किराणावाले म्हणाले, "अरे, तुह्यामुळं का माह्यामुळं, कोनाले माहीत! जाय घरी, आराम कर." एका घरातून नुसतं बरं बरं झालं. नाकाडे काकांच्या फाटकाशी बाबा बराच वेळ उभे होते. आत माणसं होती, आवाज येत होते, पण दार उघडलं नाही. बाबांनी बंद दारालाच हात जोडले. मला वाटलं आपण नाव सांगितलं नसतं तर काका आजही दुकानात येत असते. आणि मग वाटलं, सांगितल्यावरच तर त्यांच्या आईला निदान दवाखाना मिळाला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींत विरघळत नाहीत. काका अजूनही दुसरीकडे केस कापून घेतात. रस्त्यात दिसले तर मी नमस्कार करते, ते मान हलवतात, कधी हलवत नाहीत.

शटर उघडलं तरी गिऱ्हाईक पूर्वीसारखं येत नव्हतं. ज्याला होऊन गेला त्याच्या हातून दाढी नको, असं लोकांना वाटायचं. बाबा कोणाला सांगत नसत, पण त्यांना उभ्यानं काम करवेना. एक कटिंग झाली की बाकावर बसून, पेपर वाचतोय असं दाखवत ते श्वास सावरायचे. चढावर सायकल हातात धरून चालायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "चेन ढिली झाली."

दिवाळी होऊन थंडी पडली होती, तेव्हा मावशींचा फोन आला, मला. त्यांचे उपचार संपले होते, मुलीचं लग्नही झालं होतं. म्हणाल्या, "केस आले बाप्पा. पन कसे आले! कानामागं गुच्छे, वर काईच नाई. जरा सारखे करून देता का? बाबाले घेऊन ये." आम्ही सकाळी गेलो. पितळवाल्यांच्या गल्लीत ठोके पुन्हा सुरू झाले होते, बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. मावशींनी अंगणात उन्हात खुर्ची टाकली होती. डोक्यावरचा रुमाल काढताना त्या क्षणभर थांबल्या, मग काढला. बोटभर, मऊ, राखाडी केस, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखे. बाबांनी कैची हातात घेतली. हात कापत होता. आजारानंतर तो थोडा कापायचाच, पण त्या दिवशी जास्त. त्यांनी कैची माझ्याकडे दिली. "तू कर. मी सांगतो."

मी कधी कोणाचे केस कापले नव्हते. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते, "दोन बोटांत धर. ओढू नोको. हां. आता तेवढंच." मावशींचं डोकं माझ्या तळहाताखाली ऊबदार होतं. वर्षभर आम्ही सगळे एकमेकांपासून हातभर लांब राहिलो होतो. माझी बोटं त्या मऊ केसांतून फिरत होती आणि मावशींनी डोळे मिटून घेतले होते. "झालं का?" बाबांनी विचारलं. "होऊ दे तिले," मावशीच म्हणाल्या. "मले कुठी जायचं हाय?"

नंतर त्यांनी चहा केला. घरच्या कपात दिला. बाबांनी कप हातात घेतला आणि तसेच बसले. तेव्हा लोक आम्हाला कागदी कपात द्यायचे, नाहीतर द्यायचेच नाहीत. मावशी म्हणाल्या, "प्या ना, थंडा होते." बाबांनी बशीत ओतून आवाज करत प्यायला, जसा ते घरी पितात.

परत निघालो. बाबा सायकल हातात धरून चालत होते, मी बाजूनं. थोडं चालून ते एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. धाप लागली होती. ती थांबल्यावर, माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तुले फोनवर नाई ते बोललो."

"हो."

"भरवशाचं बोललो ते. तसं बोलायचं नव्हतं."

मी सायकल भिंतीला टेकवली. त्यांच्याशेजारी बसून राहिले. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि भर सकाळी रस्त्यावर आम्हा दोघांनाही ते चाललं नसतं.

मग मी उठून सायकल घेतली. "बाबा, मागं बसा."

"अवं, लोक का म्हनतील?"

"बसा."

ते बसले. बायका बसतात तसे, एका बाजूनं, पिशवी मांडीवर घेऊन. पहिल्या दोन-तीन पायडलला सायकल डगमगली, मग सरळ झाली. ते मला वाटलं होतं त्याहून खूप हलके होते. गल्ली संपून रस्ता लागला तसे किराणावाले समोरून येत होते. लांबूनच ओरडले, "का देवाभाऊ, आज पोरगी घेऊन चालली का?"

मला वाटलं बाबा आता चेनचं काहीतरी सांगतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हाव जी. कोरोनापासून दम लागते मले."

आणि मी पायडल मारत राहिले.